साक्षीदाराची जागा

"अक्का, ऑपरेशन झाल्यावर फुडची पाळी वेळंत यील, का म्हागं-फुडं हुईल?" असं कॉटवरच्या मीनाबाईनं विचारलं, तेव्हा निशा सिस्टरच्या पेनानं स्वतःच्या नावातलं पहिलं अक्षर नुकतंच कागदावर ठेवलं होतं. दुसरं अक्षर बोटांपर्यंत येऊन पोचलं होतं. ते तिथंच थांबलं. शिरोळची एसटी वेळेवर आहे का, असं स्टँडवर कुणालाही विचारावं, तितक्या साध्या आवाजात आलेला प्रश्न. विचारणारीचे केस दोन वेण्यांत घालून बँडेजच्या चिंधीनं बांधलेले, हिरव्या बांगड्यांवर चिकटपट्टी गुंडाळलेली, मंगळसूत्र नवऱ्याच्या खिशात गेलेलं, आणि अंगात तो मागून बंद बांधायचा दवाखान्याचा झगा, जो घातला की हायकोर्टाचा न्यायाधीशसुद्धा आपलं चुकलंच असा चेहरा करून बसेल. रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. आणि निशाच्या हातातल्या कागदावर छापलेलं होतं, की या बाईचं गर्भाशय काढण्यात येणार आहे, तसं तिला समजेल अशा भाषेत समजावून सांगण्यात आलं आहे, आणि ते तिला पूर्णपणे समजलं आहे. जिला ते पूर्णपणे समजलं होतं ती बाई पुढच्या पाळीचं वेळापत्रक विचारत होती.

"कशाचं ऑपरेशन हाय म्हणून सांगितलंय तुम्हाला?" निशानं विचारलं. पेशंटशी बोलताना तिची भाषा आपोआप घरची व्हायची. डॉक्टरांशी बोलताना ती पुन्हा इस्त्री होऊन यायची.

"गाठीचं की. सुपारीएवढी गाठ हाय म्हनं पोटात. मालकांनी सांगितलंय. ती काढली की घरला."

"आणि डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर मालकास्नी बोलले. मी भायेर बाकड्यावर हुतो."

निशानं कागदाकडं पाहिलं. रुग्णाच्या सहीच्या जागी जोतीरामानं, म्हणजे या मालकांनी, 'मीनाबाईकरिता' असं लिहून स्वतःची सही केली होती. नातेवाइकाच्या जागीही त्याचीच सही होती. एकाच माणसानं स्वतःला परवानगी मागितली होती आणि मोठ्या मनानं दिली होती. खाली उरली होती साक्षीदाराची जागा. तिथं आता एक 'नि' होता, आणि पेनाचं टोक टेकून राहिल्यामुळं त्याच्या शेजारी शाईचा एक ठिपका हळूहळू पसरत होता. तिनं पेन उचललं. अंगठा आणि पहिलं बोट बधिर झाल्यासारखं वाटलं, थंडीत नळाखाली धरल्यासारखं. इतक्या कागदांवर इतक्या वेळा धावलेली बोटं. त्यांना कधी काही झालं नव्हतं. सही हा काही बोटांनी विचार करायचा विषय नव्हता. चहा ओतताना कोण विचार करतं?

दवाखान्यातला साक्षीदार हा एक मजेशीर प्राणी असतो. कोर्टातल्या साक्षीदारानं काहीतरी पाहिलेलं असावं लागतं. निदान पाहिलं असं पाठ तरी करावं लागतं. दवाखान्यातल्या साक्षीदाराला तेवढाही त्रास नाही. डॉक्टरांना ग्राहक कायदा लागू झाला त्यानंतर राजारामपुरीतल्या सगळ्या दवाखान्यांत दोन गोष्टी वाढल्या, कागद आणि नम्रपणा. नम्रपणा वर्षभरात ओसरला, कागद राहिले. त्या कागदांना खाली साक्षीदार लागे, आणि साक्षीदार शिकलेला असला तर बरं, असं कुठल्याशा वकिलानं डॉक्टर दत्तप्रसादांना सांगितलं होतं. दवाखान्यात शिकलेली सिस्टर एकच होती. बाकीच्या मुली पांढरी साडी नेसल्या की सिस्टर होत आणि संध्याकाळी साडी बदलली की पुन्हा कुणाची तरी भाची होत. निशाचं मात्र नर्सिंग कौन्सिलचं नोंदणीपत्र होतं, आणि ते तिच्या घरी नव्हतंच. डॉक्टरांनी ते मागून घेऊन फ्रेम करून केबिनमध्ये लावलं होतं. एका बाजूला त्यांच्या पदव्या, दुसऱ्या बाजूला अंबाबाईचा फोटो, मध्ये निशा केरबा मधाळे. दवाखान्याच्या तपासणीला सरकारी माणूस आला की डॉक्टर तिकडं नुसता हात करत. दर शुक्रवारी फोटोला हार पडे, तेव्हा झेंडूची एखादी पाकळी निशाच्या काचेवरही येऊन चिकटे. तिला त्या फ्रेमचा अभिमान वाटायचा. केबिनमध्ये ट्रे घेऊन जाताना ती तिरक्या नजरेनं स्वतःचं नाव वाचून घ्यायची. आज, हातात कागद घेऊन उभी असताना, तिला पहिल्यांदा वाटलं की भिंतीवर टांगलेल्या बाकीच्या दोन गोष्टींना कुणी काही विचारत नाही. पदव्या बोलत नाहीत आणि देवी बोलत नाही. तिसरीनंही तेच करावं एवढीच अपेक्षा होती.

अभिमान म्हटल्यावर तिला जळक्या वाळूचा वास आला. हे तिचं नेहमीचं. स्पिरिटच्या वासात उभी असताना मधूनच शिरोलीच्या फौंड्रीतली जळकी वाळू नाकात यायची, बापाच्या सदऱ्यातून आलेली. केरबा मधाळे फौंड्रीत साच्यावर काम करायचा आणि त्याला सही येत होती. नुसती येत होती असं नाही. ती त्याची इस्टेट होती. त्याच्या बापानं आयुष्यभर अंगठा दिला होता. धर्म बदलला त्या साली गल्लीतल्या एका मास्तरानं संध्याकाळी कंदिलाखाली बसवून केरबाला त्याचं नाव शिकवलं, आणि केरबानं त्यात स्वतःच्या डोक्यानं भर घातली: नावाखाली एक लांब रेघ, आणि रेघेखाली दोन ठिपके. तालुक्यातल्या मामलेदाराच्या सहीखालीही ठिपके नव्हते. गल्लीत कुणाचं लग्न ठरो, कुणाची जागा विकली जावो, भांडण मिटो, साक्षीदार म्हणून केरबाला बोलावणं यायचं, आणि तो हातपाय धुऊन, टोपी घालून जायचा. कागदात काय आहे हे विचारणं त्याला असभ्य वाटे. जेवायला बोलावलेल्यानं भाजी कुठली म्हणून विचारावं का? गल्लीतल्याच, फौंड्रीत बरोबर काम करणाऱ्या पिराजीचा हात साच्यात सापडला तेव्हा केरबा कँटीनमध्ये चहा पीत होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली, खुर्ची हे विशेष, आणि पुढं कागद ठेवला. केरबानं रेघ ओढली, दोन ठिपके दिले. पिराजीनं सूचना न पाळता स्वतःच्या चुकीनं हात घातला, हे त्यानं समक्ष पाहिलं होतं असं त्या कागदात होतं. पिराजीचा उजवा हात गेला आणि नोकरीही गेली. पिराजी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो रोज सकाळी केरबाच्या दारावरून जाताना थांबायचा आणि डावा हात वर करून म्हणायचा, "जय भीम, केरबा." नुसतं एवढंच. निशानं लहानपणी तो डावा हात रोज पाहिला होता. बाप आतल्या खोलीत जायचा, आणि आतून पण तेवढ्याच आवाजात उत्तर द्यायचा, कारण जय भीमला उत्तर न देणंही शक्य नव्हतं.

"अक्का, काय झालं ओ?" मीनाबाई म्हणाली. "पाळीचं इचारू ने व्हय?"

"इचारायचं की," निशा म्हणाली. "तुमचीच हाय." आणि कागद घेऊन बाहेर आली.

व्हरांड्यात जोतीराम बाकड्यावर बसून होता. उसाच्या पट्ट्यातला धडधाकट गडी, पायात करकरणाऱ्या चपला, खिशात बायकोचं मंगळसूत्र, आणि त्या खिशावर सारखा जाणारा हात. वाईट माणूस नव्हता. ॲडमिट केलं त्या दिवशी त्यानं अगत्यानं विचारलं होतं, "सिस्टर, तुम्ही कुठल्या म्हनायच्या?" शिरोलीची. "व्हय का! आमचं पावणं हाईत शिरोलीत. आडनाव?" मधाळे. "बरं," तो म्हणाला होता. त्या 'बरं'मध्ये शिरोलीतले सगळे पाहुणे परत आपापल्या घरी गेले. तेव्हापासून बायकोचं पाणी तो कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून भरून आणायचा, आणि निशा दिसली की बाटली पाठीमागं धरायचा. निशाला त्याचं काही वाटत नव्हतं. म्हणजे वाटत होतं. पण नोकरीत काही वाटण्यांना रजेच्या दिवशीच वाटायची परवानगी असते.

"जोतीरामदादा, पिशवी काढणार हे तुम्ही यांना सांगितलं न्हाई?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. "हळू बोला की ओ. घाबरंल ती. कशाला सांगायचं? दोन पोरं झाल्यात, आता पिशवीचा उपेग काय? डॉक्टरच म्हनले, ठिवून पुढं वाईट काय निघालं म्हंजे? आणि आता हंगाम तोंडावर आलाय सिस्टर. कारखान्याचं धुराडं पेटलं की ट्रॅक्टर एक दिस उभा ऱ्हात न्हाय. मग कोण आणणार हिला हितं?"

"तिच्या पोटातलं तिला ठाऊक नको?"

"तिच्या भल्याचंच हाय की!" जोतीराम म्हणाला, आणि ते खरं होतं. निशाला हीच अडचण वाटत होती. नवरा भल्यासाठी गप्प, डॉक्टर भल्यासाठी गप्प. सगळी चांगली माणसं मिळून एका बाईला इतकं जपत होती की तिची कुणाला गरजच उरली नव्हती. तिच्याशिवाय सगळं व्यवस्थित चाललं होतं. आत्ता ती कॉटवरून उठून गेली असती तर फक्त झगा टेबलावर नेऊन काम उरकता आलं असतं.

केबिनपर्यंतचं अंतर काही फार नव्हतं. पण चालताना निशाच्या मनात एक दुपार आली, शासकीय रुग्णालयातल्या नर्सिंगच्या प्रवेशाची. खिडकीत कारकून, बाहेर मुलींची रांग, आणि पालकाच्या सहीची जागा. केरबानं टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "सायेब, यात काय लिवलंय ते वाचून दावा." कारकून म्हणाला, मुलीला सांगा वाचायला. "न्हाई. ती माझीच हाय. परक्या मान्सानं वाचाय पायजे." कारकून चिडला, रांग चिडली, निशाला तर जमिनीत शिरावंसं वाटत होतं. केरबा हलला नाही. ओळ ऐकायचा, मान हलवायचा, म्हणायचा, "फुडं." शेवटी सगळं ऐकून त्यानं सही केली, रेघ ओढली, दोन ठिपके दिले, आणि बाहेर येऊन निशाला उसाचा रस पाजला. घरी येईपर्यंत ती त्याच्याशी बोलली नव्हती. तिला वाटलं होतं, अडाणी माणूस, चारचौघांत लाज आणली. पुढं वर्गात ट्यूटरबाईंनी रुग्णाची संमती म्हणजे काय ते शिकवलं, मोठमोठे शब्द होते, ते तिनं पाठ करून परीक्षेत लिहिले आणि मार्क मिळवले. आणि तरीही त्या दुपारचा आणि त्या धड्याचा काही संबंध असेल असं तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आता व्हरांड्यात, फिनेलनं पुसलेल्या ओल्या फरशीवरून जाताना, तिला तो आवाज ऐकू आला. फुडं.

डॉक्टर दत्तप्रसाद हात धुवायच्या तयारीत होते. शेजारी भूल देणारे यज्ञेश्वर डॉक्टर कॉफी पीत उभे होते. यज्ञेश्वर डॉक्टरांना कुणी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. स्कूटरवरून ते एका दवाखान्यातून दुसऱ्यात जात, माणसं झोपवत आणि निघत; कमरेचा पेजर सारखा किरकिरायचा. सगळ्या गावाला झोप वाटणारा हा माणूस स्वतः कायम तारवटलेला असे.

"सिस्टर, सही राहिलीय तुमची. यांना पुढं दोन ठिकाणी जायचंय."

"राहिलेली नाही सर. थांबवलीय."

डॉक्टर हसले. दत्तप्रसाद डॉक्टर वाईट असते तर निशाचं काम फारच सोपं झालं असतं. ते हाताला हलके होते, रागाला थंड होते, आणि दिवाळीला सगळ्यांना स्वतः डबे वाटायचे. "का बुवा?"

"पेशंटला माहीत नाही. गाठ काढणार एवढंच सांगितलंय तिला."

"नवऱ्याची सही आहे ना?"

"आहे. पण पिशवी नवऱ्याची नाही."

यज्ञेश्वर डॉक्टरांना कॉफीचा ठसका लागला. दत्तप्रसाद डॉक्टरांनी नळ बंद केला. "निशा सिस्टर, त्या बाईच्या अंगात रक्त उरलेलं नाही. गाठी आहेत. काढणं योग्यच आहे, तुम्ही रिपोर्ट पाहिलेत."

"योग्य असेल सर. मग सांगायला अडचण काय?"

"घाबरतात हो या बायका."

"घाबरू दे की सर. भीती तिची आहे."

"तुम्ही मला कायदा शिकवताय?"

"नाही सर. 'साक्षीदार' असं छापलंय त्याच्याखाली माझं नाव जाणार. उद्या कुणी विचारलं, तुम्ही काय पाहिलंत, तर काय सांगू? झगा पाहिला? वेण्या पाहिल्या?" तिचा आवाज चढला नव्हता. तिला स्वतःलाच तो ओळखीचा वाटला नाही. खिडकीसमोर टोपी हातात धरलेल्या माणसाचा वाटला.

"बरं, मग तुम्हीच जाऊन सांगा तिला. मी परवानगी देतो."

"सांगायचं काम तुमचं सर. तिनं ऐकलं, एवढं सांगायचं काम माझं."

डॉक्टरांनी टॉवेलला हात पुसले. मग थंडपणानं म्हणाले, "असं असेल तर उद्यापासून दुसरीकडं बघावं लागेल तुम्हाला." हे ते रागानं म्हणाले नव्हते, दुसऱ्या तपासणीला चिठ्ठी लिहून द्यावी तसं म्हणाले होते, आणि निशाला ठाऊक होतं की दुसरीकडं कुणी घेणार नाही. राजारामपुरीतले डॉक्टर एकमेकांकडं चहाला जातात. कुठली सिस्टर हाताला हळू, कुठली उलट बोलते, हे साखरेबरोबर ढवळलं जातं. कळंब्याकडच्या तिच्या दोन खोल्या, सकाळी शाळेसाठी वेणी घालून घेणारी मुलगी, वेणी घालताना आरशात दिसणारं तिचं कपाळ, असं सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. पण तेवढ्यातही तिच्या लक्षात आलं की तिची नजर भिंतीवर आहे.

"बघते सर. फ्रेम तेवढी काढून द्या."

"काय?"

"माझी फ्रेम. आत्ताच न्यावी म्हणते. परत कशाला हेलपाटा?"

डॉक्टरांनी भिंतीकडं पाहिलं. यज्ञेश्वर डॉक्टरांनीही पाहिलं. पदव्या आणि अंबाबाई यांच्यामध्ये ती फ्रेम गेल्यावर केवढा चौकोन उरेल हे तिघांनाही एकाच वेळी दिसलं असावं. भिंतीचा रंग मधल्या वर्षांत उडाला होता, चौकोन चांगलाच उठून दिसला असता. आणि तपासणीचा माणूस आल्यावर हात नेमका कुठं करायचा हा प्रश्नच होता. ट्यूबलाइट गुणगुणत होती. दत्तप्रसाद डॉक्टरांनी टेबलावरचा स्टेथोस्कोप उचलून गळ्यात घातला. गरज नसताना ते तो घालत तेव्हा त्यांना आधार हवा असे, हे निशाला ठाऊक होतं.

"चला," ते म्हणाले. "सांगतो."

मीनाबाई उठून बसली. डॉक्टर आले म्हटल्यावर तिनं डोक्यावर पदर घ्यायला हात वर नेला आणि झग्याला पदर नसतो हे लक्षात आल्यावर तो हात तसाच केसांवरून फिरवला. पाठोपाठ जोतीराम आला, खिसा दाबत. डॉक्टर आधी बरंच इकडचं-तिकडचं बोलले. रक्तस्राव म्हणाले, अशक्तपणा म्हणाले, खबरदारी म्हणाले. निशा कॉटच्या पायथ्याशी उभी राहिली आणि ऐकू लागली. ऐकणं हे इतकं अंगमेहनतीचं काम असतं हे तिला आजच कळत होतं. डॉक्टर थांबले की ती मीनाबाईकडं पाहायची, आणि मीनाबाईच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही की पुन्हा डॉक्टरांकडं. त्या नजरेनं डॉक्टर हळूहळू एकेक शब्द खाली उतरत गेले, आणि शेवटी तळच्या पायरीवर येऊन पोचले.

"म्हणजे पिशवी काढणार, बाई. पाळी परत येणार नाही."

बाहेर भाजीवाल्यानं आरोळी दिली. मग मीनाबाई म्हणाली, "काढून कुठं ठेवतासा?"

"अं? तपासायला पाठवतो आम्ही. पुण्याला."

"म्हंजे ती पुण्याला जाऊन यायची," मीनाबाई म्हणाली, "आणि मला पत्ता न्हाय. मी अजून पुणं बघितलं न्हाय." आणि नवऱ्याकडं वळली. "तुमास्नी ठावं हुतं?"

"अगं, तू घाबरचील म्हणून..."

"घाबरलो असतो की. त्यात काय? पोटुशी हुतो तवा दोन्ही टायमाला घाबरलोच हुतो. कुनी थांबवलं हुतं का?" तिनं चिकटपट्टी गुंडाळलेला हात पोटावर ठेवला, हळूच, एखाद्या झोपलेल्या मांजरावर ठेवावा तसा. "डॉक्टर, न काढता काय हुतंय का?"

"गोळ्या देऊन बघता येईल काही महिने," डॉक्टर म्हणाले. "कमी होतं कधी कधी. नाही झालं तर मग काढावीच लागेल." हे त्यांनी केबिनमध्ये सांगितलं नव्हतं. कदाचित विचारलं नाही म्हणून सांगितलं नसेल. निशाला वाटलं, विचारलं की माणसाला स्वतःजवळचं किती काय काय सापडतं.

"मला इचार करू द्या," मीनाबाई म्हणाली. "पर उपाशी पोटी मला काय सुचत न्हाय. रातपास्नं काय न्हाय पोटात."

"आत्ता काही खायचं नाही हं," यज्ञेश्वर डॉक्टर दारातून म्हणाले. त्यांचा पेजर किरकिरला.

"का?"

उत्तर निशानं दिलं. हे मात्र तिचं काम होतं. "खाल्लं की भूल देता येत नाही, मीनाबाई. म्हणजे आज ऑपरेशन होणार नाही."

"एक घास बी?"

"एक घास बी."

मीनाबाईनं त्यावर विचार केला. निशानं इतक्या वर्षांत इतकी माणसं टेबलावर जाताना पाहिली होती, पण विचार करताना पाहिलेली ही पहिलीच. कपाळावर एक आठी आली, गेली, परत आली. खालचा ओठ थोडा पुढं आला. ही बाई आठवड्याच्या बाजारात वांगी निवडताना अशीच दिसत असणार. मग ती म्हणाली, "अक्का, तुमचा डबा हाय का?"

"हाय. भाकरी आणि दोडका."

"द्या."

"अगं, गाडीत आपला घरचा डबा हाय की!" जोतीराम एकदम म्हणाला. "मी आनतो, थांब. ह्येंचा कशाला..." आणि थांबला. वाक्य तिथं थांबलं नसतं तर कुठं गेलं असतं हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि पाणी इतके दिवस कुठून येत होतं हे मीनाबाईलाही.

"सही करताना मला इचारलासा?" ती म्हणाली. "मग मी खाताना तुमास्नी कशाला इचारू?"

निशानं डबा आणला. हात धुवायला पाणी दिलं, प्यायला स्वतःच्या बाटलीतलं दिलं. मीनाबाईनं मांडी घातली, झगा गुडघ्यांखाली खोचला, भाकरीचा तुकडा मोडून दोडक्यात बुडवला आणि सगळ्यांच्या देखत तोंडात घातला. घास चावताना तिचे डोळे मिटले. दोन डॉक्टर आणि एक नवरा एका बाईला भाकरी खाताना बघत उभे होते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी थांबवलंही नाही. पहिला घास गिळला गेला तसे यज्ञेश्वर डॉक्टर पेजर बघत जिन्याकडं गेले. दत्तप्रसाद डॉक्टरांनी स्टेथोस्कोप काढून हातात घेतला आणि ते केबिनकडं गेले. भिंतीकडं बघायला गेले असतील. उद्या निशानं यायचं की नाही हे त्यांनी सांगितलं नाही, आणि निशानं विचारलं नाही. उद्या सकाळी ती येणार होती. फ्रेम काढायची तर त्यांना स्टूल घ्यावं लागलं असतं, आणि स्टूल तिच्या ताब्यात होतं.

तिनं केसपेपर घेतला. संमतीच्या कागदावरचा तो एकटा 'नि' तिनं तसाच ठेवून त्यावर आडवी काट मारली, आणि केसपेपरवर सकाळच्या नोंदीखाली लिहायला लागली. बोटांतला बधिरपणा कधी गेला ते कळलं नव्हतं.

"काय लिवायलासा?" मीनाबाईनं भरल्या तोंडानं विचारलं.

"वाचून दावतो," निशा म्हणाली. "'डॉक्टरांनी रुग्णास ऑपरेशनची माहिती दिली. त्यानंतर रुग्णाने स्वतःच्या इच्छेने भाकरी खाल्ली. ते मी समोर उभी राहून पाहिले.'"

"दोडक्याचं न्हाय लिवलं?"

निशानं 'भाकरी'च्या वर एक खूण केली आणि बारीक अक्षरात 'दोडक्याच्या भाजीबरोबर' असं घातलं. मग खाली पूर्ण नाव लिहिलं, निशा केरबा मधाळे. नावाखाली लांब रेघ ओढली. रेघेखाली एक ठिपका दिला. भाकरीचा शेवटचा तुकडा मीनाबाईच्या तोंडात जाईपर्यंत थांबली, आणि मग दुसरा दिला.